पोळ्यापर्यंत गाडी घेऊ

२ मे १९७४, गुरुवार

परवा शाळा सुटली. माझी, आणि कायमची. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचे घड्याळ मिळाले. जो बोलायला उठला त्याने मला शिस्तप्रिय म्हटले. समारंभात 'खाष्ट' म्हणता येत नाही, म्हणून.

शेवटी मनोहरराव उभे राहिले. (लोकांसमोर मी 'अहो' म्हणते. या वहीत ते मनोहरराव. नवऱ्याला नावाने हाक मारायची ही एवढीच जागा आहे.) म्हणाले, 'बाईंचं खरं काम आता सुरू होणार. त्यासाठी आम्ही गाडी घेतो आहोत.' टाळ्या पडल्या. आपण भर सभेत साक्षीदार गोळा केले, हे इतक्या जुन्या वकिलाच्या लक्षात येऊ नये?

काम असे. उमरेडच्या पुढे वडेगावला आमची संत्र्याची बाग आहे. नागपूरहून उमरेडपर्यंत एस.टी. जाते. पुढे काळ्या मातीचा कच्चा रस्ता, मध्ये नाला. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला मुलगे सायकलने उमरेडला जातात, मुली चुलीपाशी जातात. बागेतल्या घराला मोठी ओसरी आहे. तिथे आठवीपासून पुढचा वर्ग काढायचा आणि मुलींना एस.एस.सी.ला बाहेरून बसवायचे. सोमवारी जायचे, गुरुवारी परतायचे. सगळे ठरले आहे. फक्त चाके हवीत.

जुनी मॉरिस दोन वर्षांपूर्वी विकली. चौकातल्या सरकारी नळाला धडकली होती. मनोहरराव म्हणतात, नळ मध्ये आला.

५ मे, रविवार

धाकटे दीर रुपराव आले. हिंगण्याला त्यांचा लोखंडी कपाटांचा कारखाना आहे. बोलतातही कपाट आपटल्यासारखे. आम्ही जीप पाहतो आहोत हे ऐकून त्यांनी आमरसाची वाटी खाली ठेवली.

'दादा, जीप काहून घेता? जीप म्हणजे तहसीलदाराची गाडी. तुमी काय वसुलीले जाऊन राहिले का?'

सिव्हिल लाइन्सला एक मर्सिडीज आहे म्हणे. खाणमालकाची. खाणी सरकारने घेतल्या, मालक वारले, गाडी पोर्चमध्ये राहिली. मुलगा विकायला काढतो आहे. विमानासारखी चालते. रोज कोर्टात घेऊन जा, पक्षकार फी देताना घासाघीस करणार नाही.

मी विचारले, नाला ओलांडते का?

रुपराव म्हणाले, 'वहिनी, असल्या गाडीत बसणारा मानूस नाल्याकडे जातच नाही.'

मनोहररावांनी दुसऱ्यांदा रस घेतला. विचारात पडले की ते दुसऱ्यांदा घेतात.

१२ मे, रविवार

मर्सिडीज पाहिली. मालकाचा मुलगा झोपेतून उठून आला आणि चावी देऊन परत झोपायला गेला. श्रीमंती उतरली तरी सवयी उतरत नाहीत.

मनोहररावांनी गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, हात न उचलता. दिव्यापासून डिकीपर्यंत, डिकीपासून पुन्हा दिव्यापर्यंत. पोळ्याला बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा. मग आत बसून चामडे चाचपले, लाकडावर बोटाने टकटक केली, वास घेतला. गाडी घेतात की फणस?

म्हणाले, 'काळ्या गाडीला रुबाब असतो.'

गाडी गर्द निळी आहे. मी तसे म्हटले. तर म्हणे, 'गर्द निळा म्हणजे काळाच.' कोर्टात याच्या जोरावर इतकी वर्षे निघाली असावीत.

मग वर्धा रोड. रेल्वेचा संप, त्यात पेट्रोलचे हे भाव, रस्ता रिकामा. रुपरावांनी बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून इंजिन सुरू केले. पाणी हलले नाही. आमच्या नाल्याचे पाणी हलते, असे मी म्हटले. कोणी ऐकले नाही.

गाडी चालते मात्र सुरेख. खोटे कशाला लिहू. दारे लावली की बाहेरचा आवाज बंद. रस्त्यावरची माणसे नुसती तोंडे हलवताना दिसतात. तपासणीला येणाऱ्या साहेबांना शाळा अशीच दिसत असणार. मागची बैठक एवढी मऊ की उठायला आधार लागतो.

परत फिरताना रुपरावांनी चावी पुढे केली. म्हणाले, आता तुम्ही घ्या दादा. मनोहररावांनी डोळे मिटून मान मागे टेकली. 'तूच चालव. मला इंजिन ऐकू दे.'

ज्याला गाडी चालवायची तो मागे बसून ऐकतो! दुसऱ्याने केलेले काम ऐकायची सवय, दुसरे काय.

१३ मे

निळीच आहे. रुपरावांनाही विचारून घेतले.

२० मे, सोमवार

आज जीप. कामठी रोडला धोंडबा मिस्त्रीच्या गॅरेजात उभी आहे. लष्कराच्या लिलावातली. हिरवा रंग, कापडी छप्पर, दारे नाहीत. ज्याला गाडी म्हणायचे त्यातले फारसे काही नाही, पण जे आहे ते कामाचे.

धोंडबाने चिंचेमागचा उकिरडा दाखवला आणि जीप सरळ त्याच्यावर चढवली. पलीकडे उतरवली. 'साहेब, चारी चाकं ओढतेत हिची. चिखल खाते अन् पचवते.'

मी पुढे बसून पाहिले. बैठक शाळेच्या खुर्चीसारखी. टेकून लोळता येत नाही, ताठ बसावे लागते. मला पटली.

मनोहररावांनी बॉनेट उघडायला लावले, मान कलती करून ऐकत राहिले. गाण्याच्या बैठकीत जाणकार बसतात तसे. 'हिचा आवाज मोकळा आहे,' म्हणाले. मग पुन्हा हात फिरवणे. चाकाच्या खाचांत बोटे घालून पाहिली. धोतराला वंगण लागले ते घरी येईपर्यंत मीच सांगितले नाही. चालवून मात्र पाहिली नाही. ऊन फार आहे म्हणे.

ऊन खरेच फार होते. पण ऊन उकिरड्यावर पडते, चाकामागच्या माणसावर छप्पर असते.

२६ मे, रविवार

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कूलरसमोर बसून दोन्ही भाऊ बोलतात. एकाने जीप म्हटली की दुसरा मर्सिडीज म्हणतो, मग दोघे बाजू बदलतात. वकिली घरात हा मोठा दोष. कोणत्याही बाजूने बोलता येते.

मी मध्ये पडले. म्हटले, जीप घ्या, एक ड्रायव्हर ठेवा, सोमवारी मला सोडील, गुरुवारी आणील. विषय संपला.

मनोहरराव एकदम चढ्या आवाजात म्हणाले, 'माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही.'

आजवर दोन्ही गाड्यांच्या स्टिअरिंगला गावातल्या सगळ्यांचे हात लागले. एक त्यांचा सोडून.

१४ जून, शुक्रवार

देवाजी आला होता, सरकीचे बियाणे न्यायला. बाग तोच पाहतो. त्याची मुलगी पंचफुला या वर्षी सातवी झाली. गणितात गावातल्या सगळ्या मुलग्यांच्या पुढे. माझ्या वर्गाचे पहिले नाव तिचे.

चहा घेतला, पण निघेना. पायरीवर बसून राहिला. मी विचारले, काय ते बोल.

'बाई, मले मालूम हाय तुमी येता. पन मानसं इचारून राहिली ना. तिची आजी रोज म्हन्ते, पोरगी बसवून काहून ठेवली? शाळा त नाही. पाव्हणे हायेत भिवापूरकडचे, चांगले हायेत.'

मी म्हटले, ती तेरा वर्षांची आहे.

'मी कुठं उद्या म्हन्तो? बोलनं त लावून ठेवा लागते. पोळ्यापर्यंत थांबतो मी. तुमची शाळा लागली त मीच आईले सांगतो, शिकते हाय ती म्हून. नाही लागली त माह्यं काही चालनार नाही, बाई.'

आतून मनोहरराव ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, 'देवाजी, पोळ्याच्या आत गाडी दारात असेल.'

देवाजीने मान हलवली. त्याला खरे वाटले. मला लिहिताना प्रयत्न करावा लागतो आहे.

२३ जून, रविवार

जीप वडेगावला नेली, परीक्षेसाठी. चालवायला धोंडबा. मनोहरराव मागे, मी पुढे.

उमरेडनंतर रस्ता संपला आणि जीप सुरू झाली. दोन दिवसांच्या पावसाने माती चिकट झाली होती. एक बैलबंडी रुतून बसली होती, तिच्या बाजूने आम्ही निघून गेलो. नाल्यात गुडघाभर पाणी. धोंडबाने एक दांडा ओढला, काही पुटपुटला, आणि पलीकडे. माझ्या चपला ओल्या झाल्या. आणखी काही झाले नाही.

गावातल्या मुली बागेच्या फाटकापाशी उभ्या. पंचफुला पुढे आली. जीपवर लष्कराने पांढऱ्या रंगात आकडे काढलेले आहेत, ते तिने मोठ्याने वाचले. मग विचारले, 'बाई, हे आपली हाय का?'

अजून नाही, असे म्हटले.

ओसरी झाडून ठेवली होती. फळाही आणला होता कुठून तरी. खिळा मात्र फार वर ठोकलेला. सातवी झालेल्या मुलीचा हात तिथे पोचत नाही. तो खाली घ्यायला सांगून आले.

परत येताना मनोहरराव जीपची दांडी घट्ट धरून बसले होते. कंबर धरली असेल म्हटले तर म्हणाले, कंबर ठीक आहे. नाल्याच्या अलीकडे मात्र धोंडबाला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, 'इथे कडेला दगड आहे ना? तो दिसतो का तुला?' दगड बैलाएवढा आहे. धोंडबा म्हणाला, 'साहेब, आंधळ्यालेबी दिसन.'

२५ जून, मंगळवार

जीपवरचे आक्षेप, काल रात्री आणि आज जेवताना ऐकलेले: दारे नाहीत, लुगड्याचा पदर चाकात जाईल. लष्कराच्या गाडीत वकील बसला तर लोकांना अटक झाल्यासारखे वाटेल. हॉर्न हलका आहे. हिरवा रंग त्यांच्या राशीला चालत नाही. (राशी! यांनी लग्नात पत्रिका पाहू दिली नव्हती.) आणि मर्सिडीजवरचे आक्षेप मी विचारले नव्हते तरी सांगितले: पेट्रोल फार, सामान मिळत नाही, बुटकी आहे.

मग राहिले काय? सायकल रिक्षा. तिच्यात ते रोज कोर्टात जातात आणि एकही आक्षेप नसतो.

मला आता वाटू लागले आहे की मन मर्सिडीजवर आहे, आणि तसे म्हणायचे धाडस नाही. वर्गात असा मुलगा असतो. फळ्याजवळ बोलावले की खडू शोधत बसतो.

७ जुलै, रविवार

आज मर्सिडीज आमच्या महाल भागात आली. रुपराव म्हणाले, दारात उभी राहू द्या, मग वहिनी स्वतःच हो म्हणतील.

दारात उभी राहिली नाही. आमच्या गल्लीत वळताना पुढचे तोंड समोरच्या सिंधूताईंच्या ओट्याला लागले आणि मागचे पानठेल्याला. पुढे जाईना, मागे जाईना. गल्लीतली पोरे जमली. एक म्हणे डावीकडे घ्या, एक म्हणे उजवीकडे. रुपरावांचा रेशमी सदरा पाठीला चिकटला. बाहेर पडता येईना, कारण दार उघडायला जागा नव्हती.

सिंधूताई समोरच्या सज्जातून म्हणाल्या, 'काहो वकीलीणबाई, गाडी आत आणता का गल्ली बाहेर नेता?'

शेवटी पानठेला उचलून बाजूला ठेवला. पाने लावणे चालूच होते. मनोहरराव दारात उभे राहून विचारत होते, 'निघाली का? निघाली का?' दहा पावले पुढे येऊन पाहायचे कष्ट घेतले नाहीत.

८ जुलै

रुपरावांनी उपाय काढला. घर बदला, धरमपेठेत घ्या. गाडीला गल्ली लहान पडते म्हणून!

२१ जुलै, रविवार

गुरुवारी मी एस.टी.ने गेले. कोणाला विचारले नाही. उमरेडला देवाजीची बंडी आली होती. ओसरीवर वर्ग घेतला. सगळ्या मुली आल्या, एक लहान भावाला कडेवर घेऊन. भूमितीचे पहिले प्रमेय शिकवले. पंचफुलाने विचारले, 'बाई, डोळ्याले दिसते की दोन्ही कोन सारखे हायेत, मंग सिद्ध काहून कराचं?' तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नागपुरातल्या मुली प्रमेय पाठ करतात.

दुपारपासून पाऊस. नाला चढला. बैल पाण्याकडे पाहून उभे राहिले, देवाजी बैलांकडे पाहून. दोन दिवस तिथेच. शनिवारी निघाले, तेव्हा उतरून चालावे लागले. गुडघा सुजून भोपळा झाला आहे. आज जिनाही उतरले नाही. हे दर आठवड्याला जमणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे उगाच फुशारकी नको.

मनोहरराव संतापले होते. वकिलाची बायको बंडीत बसून जाते, लोक काय म्हणतील. मी सांगितले काय म्हणाले ते. लोक म्हणाले, 'बाई आल्या.'

मग ते स्वतः ओव्याची पुरचुंडी गरम करून घेऊन आले. शेकायला गुडघा डावा की उजवा, ते हात लावून विचारले. सुजलेला समोर होता. चालायचेच, पुरुषांचे लक्ष नसते.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळचा पेपर रोज मीच वाचून दाखवते. 'तुझे उच्चार स्पष्ट आहेत,' म्हणतात. कोर्टाचे कागद ज्युनिअर मार्तंड वाचतो. त्याचे उच्चार भयंकर आहेत, तरी तोच वाचतो. मोठा वकील झाला की वाचण्याचे काम खालच्यावर जात असावे.

आज पेपर खाली ठेवला आणि विचारले: कोणती? एका शब्दात उत्तर. जीप की मर्सिडीज?

त्यांनी पेपराची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, 'पोळ्यापर्यंत गाडी घेऊ.'

मी म्हटले, हे 'कधी'चे उत्तर झाले, मला 'कोणती'चे हवे.

'तू हेडमास्तरीण होतीस तेव्हा पोरी तुला उत्तर कशा देत असतील?'

मी म्हटले, उभ्या राहून.

ते उठले आणि आत गेले. जाताना स्टुलाला अडखळले. स्टूल नेहमीच्या जागी नव्हते, मी हलवले होते. माझ्यावरच ओरडले.

११ ऑगस्ट, रविवार

गल्लीतली पोरे जुने कपडे मागायला आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन जाणारी मारबत निघते, त्या मिरवणुकीसाठी बडग्या करताहेत, सिंधूताईंच्या मागच्या अंगणात, बांबूच्या ताट्या लावून. दर वर्षी गावाला ज्याचा त्रास झाला त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि जाळायचा. मागच्या वर्षी दुष्काळाचा केला होता. मी विचारले, यंदा कोणाचा? तर सगळी एकमेकांकडे पाहून हसली. पेट्रोलचा असेल.

मनोहररावांचा कोर्टाचा जुना काळा कोट दिला. कोपराला ठिगळ आहे, माझ्याच हातचे, जांभळ्या दोऱ्याने. काळा दोरा संपला होता. तो कोट त्यांनी वर्षानुवर्षे घातला आणि त्या ठिगळावरून मला रोज बोलले.

१७ ऑगस्ट, शनिवार. पोळा

गाडी नाही.

पुरण केले, कढी-वडे केले. मनोहरराव जेवले. नुसते वाढणे आणि जेवणे. अशा शांततेला शाळेत मी परीक्षेची शांतता म्हणत असे.

संध्याकाळी उमरेडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडून देवाजीचा निरोप आला. पाव्हणे बुधवारी येतात. तोवर तो काही बोलत नाही. ओसरीवरचा खिळा खाली घेतला आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी तान्ह्या पोळ्याची मुले लाकडी बैल घेऊन आली, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, दिला. मग ढोल वाजू लागला. मनोहरराव सज्जात आले, मीही आले. मारबतीच्या मिरवणुकीत जाण्याआधी गल्लीतला बडग्या प्रत्येक दारावरून नेतात.

ताट्या बाजूला झाल्या आणि बडग्या बाहेर आला. बांबूचा, कागदाचा, दोन पुरुष उंच. काळी टोपी, पांढऱ्या आकडेबाज मिशा, गळ्यात वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या. दोन तोंडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांत सायकलच्या रिंगा, स्टिअरिंग म्हणून. एका बगलेत पुठ्ठ्याची जीप, दुसऱ्या बगलेत पुठ्ठ्याची लांब गाडी. छातीवर पाटी: 'आज घेतो, उद्या घेतो.' आणि अंगात मी दिलेला कोट. जांभळे ठिगळ इथून स्पष्ट दिसत होते.

पोरे काहीतरी ओरडत येत होती. वर मला पाहिले आणि गप्प झाली. ढोलही थांबला. इतकी वर्षे शाळेत काढल्याचा एवढा उपयोग. समोर सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. सगळी गल्ली मनोहररावांकडे पाहत होती.

बडग्या आमच्या सज्जाच्या अगदी समोर होता. हात लांब केला असता तर टोपीला लागला असता.

मनोहररावांनी टाळ्या वाजवल्या. हसत म्हणाले, 'वा रे गा पोरट्यांनो! यंदा कोणाले बसवलं? मंत्र्याले का?'

खाली कोणी हसले नाही.

ते माझ्याकडे वळले आणि हळूच विचारले, 'कोण आहे गं?'

मी म्हटले, 'मंत्रीच आहे.'

मग मी पोरांना हाताने खूण केली. ढोल सुरू झाला, बडग्या पुढे गेला. 'घेऊन जाय गे मारबत!' कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते. ते टाळ्या वाजवत राहिले, बडग्या वळून दिसेनासा झाल्यानंतरही.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल विचारले, कधीपासून?

म्हणाले, 'नळ मध्ये आला तेव्हापासून.'

शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर. जीप ठरली. देवाजीला निरोप गेला: पाव्हण्यांना सांग, मुलगी शिकते आहे, बाई सोमवारी येतात.

धोंडबा तोवर चालवील. उद्या पहाटे त्याच्याकडे माझी पहिली शिकवणी. मनोहरराव शेजारी बसणार आहेत. रस्ता मी पाहायचा, गिअर कधी बदलायचा ते त्यांनी ऐकून सांगायचे.